लेदर जॅकेट घेताना पाठ आधी बघा

धारावीत काळ्या किल्ल्याच्या आसपास, सायन-वांद्रे लिंक रोडच्या कडेने चामड्याच्या दुकानांची रांग आहे. बॅगा, पाकिटं, पट्टे आणि भिंतभर टांगलेली जॅकेटं. मुंबईच्या हवेत जॅकेट घालायचे दिवस बोटांवर मोजता येतील, तरी गिऱ्हाईक येतं. कुणाची मुलगी शिकायला जर्मनीला निघालेली असते, कुणाचा बुलेटवरून लडाखला जायचा बेत असतो, कुणाला नाशिकच्या थंडीत पहाटे स्कूटरवर वारं लागतं. एकाच रंगाची, एकाच घाटाची दोन जॅकेटं समोर येतात. एक अडीच हजारांचं, दुसरं नऊ हजारांचं. दोन्हींच्या आत ‘जेन्युइन लेदर’ची चिठ्ठी शिवलेली. माणूस गोंधळतो तो इथे.

मी माझं पहिलं जॅकेट एका प्रदर्शनात घेतलं. विक्रेत्याने लायटर पेटवून बाहीवरून झरकन फिरवला आणि म्हणाला, “बघा, जळत नाही. प्युअर लेदर.” मी पैसे मोजले. तेवढ्या पैशांत तेव्हा आमच्या घरचा महिन्याचा किराणा येत असे. तीन पावसाळ्यांनंतर जॅकेट कपाटातून काढलं तर कॉलरवरून आणि मुंढ्यापासून काळे पापुद्रे सुटत होते आणि खालचं पांढरट विणलेलं कापड उघडं पडलं होतं. ज्योत एका जागी टेकवली नाही तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो, तेही तेवढ्यात पेट घेत नाही. आणि ज्योत टेकवून धरली तर अस्सल चामडंही आक्रसतं, करपतं. या परीक्षेतून काहीच कळत नाही. कुणी लायटर काढला तर त्याला तो खिशात ठेवायला सांगा.

पुढे कटिंग करणाऱ्या कारागिरांच्या टेबलाशी बसून बघायची संधी मिळाली आणि मग हा विषय उलगडत गेला. जॅकेटचा खरा भाव कातडी टेबलावर पसरतात तिथे ठरतो. दुकानात आपल्याला एवढंच करायचं असतं की त्या टेबलावर काय घडलं असेल ते तयार जॅकेटवरून ओळखायचं. ते ओळखता येतं, आणि शिकायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

फुटाचा हिशोब

कमावलेलं चामडं चौरस फुटावर विकलं जातं. बाजारात त्याला नुसतं ‘फूट’ म्हणतात. कापडाचा तागा पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत एकाच पन्ह्याचा असतो. कातडीला पन्हा नसतो. ती जनावराच्या आकाराची असते: वर मान, चार पायांचे चार कोपरे, पोटाकडच्या वेड्यावाकड्या कडा. मेंढीची एक कातडी साधारण ५ ते ७ फूट भरते, शेळीची ४ ते ६. पुरुषाच्या मध्यम मापाच्या साध्या जॅकेटला, कापताना वाया जाणारं धरून, ३५ ते ४५ फूट चामडं लागतं. म्हणजे एका जॅकेटात सहा-सात, कधी आठ मेंढ्यांच्या कातड्या असतात. त्या सगळ्या एका जाडीच्या, एका छटेच्या, एका पोताच्या निवडाव्या लागतात. नुसती ही निवड करायची तरी पन्नासेक कातड्यांचा गठ्ठा उलगडावा लागतो.

आता समजा, मेंढीच्या नप्पा, म्हणजे मऊ कमावलेल्या चामड्याचा भाव फुटाला १२० रुपये आहे. ४० फुटांचे झाले ४,८००. अस्तर, चेन, बटणं, दोरा, फ्युजिंग (आतून चिकटवायचं आधाराचं कापड) मिळून ६०० धरा. कटिंग आणि शिलाईची मजुरी १,२०० धरा. बेरीज ६,६०० होते आणि यात दुकानाचं भाडं, कर, मालकाचा नफा अजून आलेला नाही. हे आकडे मी हिशोब दाखवायला घेतलेत. भाव मालाप्रमाणे, हंगामाप्रमाणे हलतो, म्हणून तुम्ही दुकानात सरळ विचारा, “आज शीपचा फूट काय भावाने आहे?” आणि स्वतः गुणाकार करा. हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की पुढचं बोलणं वेगळ्या पातळीवर होतं, हा माझा अनुभव आहे.

या गुणाकारात अडीच हजारांचं ‘प्युअर शीप’ बसत नाही. याचा अर्थ कुठेतरी फूट कमी झालेत किंवा फुटाचा भाव कमी झालाय. एक तर ते चामडंच नाही, किंवा चामड्याचा खालचा स्वस्त थर आहे, किंवा उरलेल्या तुकड्यांतून जोडून काढलेलं आहे.

तुकड्यांचं समजून घ्यायला पुन्हा कटिंगच्या टेबलाकडे जाऊ. कारागीर कातडी पसरतो आणि आधी तिच्यावरून तळहात फिरवतो. मग ती उजेडाकडे धरून दोन्ही हातांनी ताणतो. गोचिडी चावलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढे खळगे असतात. बाभळी-बोरीच्या काट्यांनी ओढलेले ओरखडे बऱ्या झालेल्या जखमेसारखे चकाकतात. सोलताना सुरी खोल गेली असेल तर मागच्या बाजूने चीर असते, वरून ती दिसत नाही, पण ताणल्यावर तिथे एक रेघ उमटते. अशा प्रत्येक जागेभोवती तो खडूने गोल करतो. बघता बघता सहा फुटांच्या कातडीवर आठ-दहा गोल होतात. त्यानंतर पुठ्ठ्याचे पॅटर्न हातात घेऊन तो ते इकडून तिकडे, उलटे, तिरपे असे ठेवून बघत बसतो. सगळ्यात जास्त वेळ याला जातो.

कारण कातडी सगळीकडे सारखी नसते. कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. पोटाकडचा ढिला, ताणला की पुन्हा जागेवर न येणारा. मानेला सुरकुत्या. चांगला कारागीर जॅकेटची पाठ, पुढचे दोन्ही भाग आणि बाह्यांची बाहेरची बाजू कण्याजवळून काढतो. पोटाचा भाग काखेखाली, खिशांच्या आतल्या पट्ट्यांना, कॉलरच्या खालच्या बाजूला लावतो. खडूचे गोल टाळताना जे चामडं वाया जातं त्याचे पैसे गिऱ्हाईक देत असतं आणि माझ्या मते महाग जॅकेटमधले सगळ्यात रास्त पैसे हेच. वाया जाऊ द्यायचं नसेल तर दोनच वाटा उरतात. गोलांवरूनच पॅटर्न टाकायचा, किंवा पॅटर्नचे तुकडे इतके लहान करायचे की ते गोलांच्या मधल्या जागेत बसावेत.

म्हणून दुकानात जॅकेट हातात आलं की ते आधी उलटं फिरवा आणि पाठ बघा. अखंड पाठ म्हणजे साधारण २२ इंच रुंद आणि २४ इंच लांब असा साडेतीन फुटांहून मोठा तुकडा. सहा फुटांच्या कातडीतून एवढा निर्दोष तुकडा काढायचा तर जवळजवळ अख्खी कातडी त्या एका पाठीवर खर्च होते. ज्या बनवणाऱ्याने पाठ एका तुकड्यात काढली त्याने बाकी ठिकाणी कंजुषी केली असण्याची शक्यता कमी. पाठीवर जोड असणं म्हणजे लगेच दोष असंही नाही. बायकर पद्धतीच्या जॅकेटला खांद्यावर आडवी पट्टी आणि खाली मधोमध शिवण असतेच, ती हात पुढे ताणायला सोय म्हणून. बघायचं ते हे की जोड शरीराच्या वळणाप्रमाणे आणि दोन्ही बाजूंना सारखे आहेत का. बाहीच्या आतल्या बाजूला, बेल्टच्या मागे, कॉलरच्या खाली, जिथे सहसा नजर जात नाही अशा जागी कारणाशिवाय आडवा जोड दिसला तर तो तुकडा वाचवण्यासाठी घातलेला आहे.

मग जॅकेट दुकानाच्या दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्या. ट्यूबलाइटखाली काळ्याच्या सगळ्या छटा एक दिसतात. उजेडात डाव्या-उजव्या बाजूचा पोत जुळतो का, एक बाही जरा तपकिरीकडे झुकते का, हे लगेच कळतं. पुढच्या भागाला चिमटीत धरून हलकेच ताणा आणि सोडा. तिथे सैल, लाटेसारख्या सुरकुत्या राहिल्या तर पोटाचा भाग दर्शनी लावलेला आहे.

चिठ्ठीवरचे शब्द

आता ते चामडं आहे की नाही, हा मूळ प्रश्न. वरच्या बाजूची नक्कल हल्ली इतकी हुबेहूब करतात की नजरेवर विसंबू नये. उत्तर मागच्या बाजूला असतं. जॅकेटच्या आतला खिसा बाहेर ओढा, त्याच्या तोंडाशी चामड्याची पट्टी अस्तराला जिथे मिळते तिथे बहुधा कच्ची कड सापडते. चामड्याची मागची बाजू मखमलीसारखी, बारीक तंतूंची असते आणि कडेला ते तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात. पीयूच्या मागे कापडाची वीण किंवा विणलेली जाळी दिसते आणि कडेला दोन थर वेगळे ओळखू येतात. वरच्या बाजूला अंगठा दाबा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडल्यावर हळूहळू विरतात. पीयूवर एकच गुळगुळीत खळगा पडतो. रंध्रांकडेही नीट बघा. जनावराच्या कातडीवर ती कुठे दाट, कुठे विरळ असतात. साच्याने उठवलेली नक्षी मात्र ठरावीक अंतराने पुन्हा जशीच्या तशी येते.

वासावर जाऊ नका, चामड्याच्या वासाचे फवारे मिळतात. पाण्याच्या थेंबाची परीक्षाही अर्धीच उपयोगी आहे. थेंब मुरला आणि तिथे रंग गडद झाला तर ते चामडंच, पण थेंब तसाच राहिला म्हणून ते चामडं नाही असं होत नाही, कारण पुष्कळ चांगल्या चामड्यांवर पाणी न मुरणारा हात दिलेला असतो.

‘जेन्युइन लेदर’ या शब्दांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. म्हशीचं किंवा गायीचं कातडं जाड असतं. टॅनरीत, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यात, ते यंत्राने आडवं चिरून त्याचे थर करतात. वरच्या थरावर जनावराची मूळ त्वचा असते, रंध्रांसकट. हा भाग तंतूंनी सगळ्यात घट्ट विणलेला आणि म्हणून सगळ्यात मजबूत. काहीही न घासता तो तसाच वापरला तर फुल ग्रेन. ओरखडे झाकायला वरून पॉलिशपेपरने घासून, रंगाचा थर देऊन साच्याने नवीन पोत उठवला तर करेक्टेड ग्रेन. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्याला मूळ त्वचा नसते, दोन्ही बाजूंनी तो केसाळच. त्याची एक बाजू मखमली करून स्वेड म्हणून वापरणं अगदी रास्त. पण त्याच्यावर पीयूचा पातळ थर चिकटवून तो गुळगुळीत जॅकेट म्हणून विकला, तरी चिठ्ठीवर ‘जेन्युइन लेदर’ लिहिता येतं, कारण खाली चामडं खरोखरच आहे. म्हणजे ही चिठ्ठी एवढंच सांगते की हे चामडं आहे. कुठल्या थराचं, ते सांगत नाही. ‘बॉन्डेड लेदर’ असेल तर सरळ परत ठेवा. कापताना उरलेल्या चामड्याचा भुगा डिंकासारख्या पदार्थात मळून, लाटून तयार केलेला तो तक्ता असतो. वहीच्या कव्हराला ठीक, पण कोपरापाशी रोज वाकणाऱ्या बाहीला मुळीच नाही. आणि ‘वीगन लेदर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पीयूच असतं. कुणाला प्राण्याचं कातडं नको असेल तर ती निवड आदराची आहे, फक्त भाव पीयूचाच द्यावा.

पीयूचं एक वैशिष्ट्य मुंबई-कोकणच्या माणसाने लक्षात ठेवायला हवं. हवेतली वाफ त्या थरातली रासायनिक जोडणी हळूहळू तोडते. जॅकेट वापरा किंवा कपाटात ठेवा, दमट हवेत काही वर्षांत ते सोलायला लागतं. माझ्या पहिल्या जॅकेटचं तेच झालं होतं.

मेंढी, शेळी, म्हैस

दुकानात सगळ्यात जास्त दिसतं ते शीप नप्पा. नप्पा हे नाव कॅलिफोर्नियातल्या नापा गावावरून पडलं. मऊ, हलकं, अंगावर कापडासारखं पडतं. दोष म्हणजे ते नाजूक असतं, खिळ्याला अडकलं की फाटतं. लोकरीच्या मेंढीच्या कातडीत वरचा आणि खालचा थर एकमेकांना सैल धरून असतात, कारण मध्ये चरबी आणि लोकरीची मुळं असतात. आपल्या धनगरांची दख्खनी मेंढी घोंगडीच्या लोकरीसाठी प्रसिद्ध आहे. उलट तमिळनाडूतल्या मेचेरीसारख्या जातींना लोकर नसते, आखूड केस असतात, आणि त्यांच्या कातडीला चामड्याच्या बाजारात मोठा मान आहे. म्हणून ‘शीप’ एवढं ऐकून थांबू नये. चिमटीत धरून दोन थर एकमेकांवर सरकल्यासारखे वाटतात का ते बघावं.

माझी स्वतःची आवड शेळीचं चामडं. त्याच्यावर बारीक, खडबडीत दाणा दिसतो, जाडी कमी असून ताकद चांगली, आणि वर्षं गेली तरी आकार धरून राहतं. गिऱ्हाइकाला पहिल्या स्पर्शात शीप जास्त आवडतं, म्हणून गोट मागे टांगलेलं असतं. मुद्दाम मागा.

म्हशीचं, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘बफ’, जाड आणि भरड पोताचं. जॅकेटसाठी ते यंत्राने पातळ करून आणि बरेचदा वरून पोत उठवून वापरतात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे इथे ‘काऊ’ म्हणून जे दाखवतात ते बहुधा राज्याबाहेरून आलेलं असतं, किंवा ते बफ असतं. बफ वाईट नाही, मोटारसायकलसाठी तर चांगलंच, फक्त त्याचा फुटाचा भाव वेगळा असतो, आणि पैसे मोजायच्या आधी आपण काय घेतोय हे कळलेलं असावं.

कमावण्याबद्दल थोडंच सांगतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि सह्याद्रीतला हिरडा वापरून कमावतात. ते ताठ असतं, पायाखाली टिकतं, पण त्याचं जॅकेट केलं तर हात वाकणार नाही. जॅकेटचं चामडं क्रोमियमच्या क्षाराने कमावतात. त्या टप्प्यावर ते ओलं असताना फिकट निळं दिसतं, म्हणून व्यापारात त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. मऊपणा आणि पाण्याला टिकणं हे दोन्ही त्यातून येतं. रंग दोन तऱ्हांनी देतात. एक, चामड्यात आरपार मुरणारा. दुसरा, भिंतीच्या रंगासारखा वर बसणारा. मुरलेल्या रंगात रंध्रं आणि लहानसहान खुणा दिसत राहतात, म्हणून त्याला निर्दोष कातडी लागते आणि तो महाग पडतो. वरचा जाड रंग सगळं झाकतो. पांढरा रुमाल जरासा ओला करून आतल्या बाजूला दहा वेळा घासा. रुमाल काळा झाला तर उद्या शर्टाची कॉलरही काळी होईल.

टीप, चेन, अस्तर

चामड्याला सुईचं भोक पडलं की ते कायमचं. कापडासारखं भरून येत नाही. शिलाईचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. इंचाला साधारण ८ ते १० टाके ठीक. त्याहून दाट टीप मारली तर भोकं इतकी जवळ येतात की पोस्टाच्या तिकिटांसारखी तिथे फाटण्याची रेघ तयार होते. विरळ असेल तर शिवण तोंड उघडते. जॅकेटच्या शिवणीला समांतर कुठे रिकाम्या भोकांची ओळ दिसली तर तिथे एकदा उसवून पुन्हा शिवलंय असं समजा. मुंढा आणि खिशांची टोकं अंगठ्यांनी हलकेच दोन बाजूंना ओढा. ताण सगळ्यात जास्त तिथे येतो, आणि दोरा दिसायला लागला तर शिवण सैल आहे.

चेन वर-खाली दहा वेळा ओढून बघा, एकदा नको. रनर मध्येच अडखळत असेल, खालच्या पेटीत टोक सहज बसत नसेल, तर सोडून द्या. जपानी वायकेकेची चेन असेल तर चांगलं, पण नुसतं नाव कोरलेलं बघून समाधान मानू नका, त्या नावाची नक्कल पुष्कळ होते. चेनचा एवढा आग्रह का धरायचा? पुढची चेन बदलायची म्हणजे अस्तर उसवून, दुमडलेल्या कडा मोकळ्या करून, त्याच जुन्या भोकांतून पुन्हा टीप मारायची. ते जपून करणारे हात थोडे आहेत आणि खर्च नवीन चेनच्या कितीतरी पट येतो.

अस्तर आत हात घालून तपासा. ते खाली थोडं सैल सोडलेलं असावं. चामडं वापराने ताणतं, अस्तर ताणत नाही. घट्ट शिवलेलं अस्तर पहिल्या हिवाळ्यात काखेत उसवतं.

माप घेताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का एवढं काटेकोर बघा, कारण खांदा नंतर बदलता येत नाही. दोन्ही हात वर करा, मग गाडीचं हँडल धरल्यासारखे पुढे करा. जॅकेट कमरेवरून टीचभर वर गेलं तर मुंढा खाली कापला आहे. छातीला आणि कोपराला किंचित घट्ट असलेलं चालेल, तिथे ते अंगाप्रमाणे सैल होतं. आखूड बाही मात्र कधी लांब होत नाही.

गाडीवर घालायचं असेल तर

इथे माझा स्वर जरा कडक होणार आहे. लडाखला निघालेली मुलं शीप नप्पाचं सुंदर, मऊ जॅकेट घेतात आणि आपण सुरक्षित आहोत असं समजतात. ते चामडं बहुधा ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाड असतं. डांबरावर घसरताना ते काही क्षणांत झिजून फाटू शकतं. गाडीसाठी १.२ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड गायीचं, म्हशीचं किंवा दणकट शेळीचं चामडं हवं, महत्त्वाच्या शिवणी दुहेरी-तिहेरी हव्यात, आणि कोपर, खांदे, पाठ इथे पॅड बसवायचे कप्पे हवेत. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकाप्रमाणे तपासलेल्या जॅकेटवर सीई खुणेसोबत (युरोपच्या नियमांत बसल्याची खूण) एएए, एए किंवा ए अशी श्रेणी लिहिलेली असते, एएए सगळ्यात वरची. पॅडसाठी ईएन १६२१ हे मानक वेगळं आहे. दुकानदाराने नुसते फोमचे तुकडे घालून “पॅडवालं आहे” म्हटलं तर पॅड बाहेर काढून त्याच्यावर हा आकडा छापलाय का ते बघा.

न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ साली मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी ‘परफेक्टो’ जॅकेट काढलं, किंमत साडेपाच डॉलर. तिरकी चेन त्यातून सगळीकडे गेली. चेन तिरकी असल्यामुळे पुढचे दोन भाग एकमेकांवर चढतात आणि वारं छातीत घुसत नाही. आज त्या घाटाची हजारो जॅकेटं पातळ चामड्यात शिवली जातात. ती दिसतात छान, पण गाडीवर त्यांचा उपयोग वाऱ्यापुरताच.

घासाघीस

‘एक्स्पोर्ट सरप्लस’ हे शब्द ऐकलेत की घाईने खोटं ठरवू नका. परदेशी ऑर्डर रद्द होते, रंगाची छटा जुळली नाही म्हणून माल परत येतो, आणि चांगली जॅकेटं खरोखर अर्ध्या भावात निघतात. खऱ्या सरप्लसची एक खूण म्हणजे मापं विस्कळीत असतात. एखाद्या मापाची चार, दुसऱ्याचं एकही नाही. एकाच ‘सरप्लस’ जॅकेटची पाच रंगांत सगळी मापं हजर असतील तर तो रोजचा माल आहे.

मोठ्या ब्रँडच्या पंचवीस-तीस हजारांच्या जॅकेटमध्ये चामडं कदाचित थोडं सरस असेल, घाट नक्कीच विचारपूर्वक काढलेला असतो. पण फुटांचा हिशोब केलात तर एका मर्यादेनंतर वाढलेले पैसे मॉलच्या भाड्याला, जाहिरातीला आणि नावाला जातात. ज्याला ते हवंय त्याने जरूर द्यावेत. माझं म्हणाल तर तेवढ्या पैशांत मी मापाने शिवून घेईन. धारावीत असं शिवून देणारे आहेत. चामडं स्वतः निवडा, निवडलेल्या कातड्यांच्या मागे पेनाने सही करा, अस्तर लावायच्या आधी एकदा बघायला येतो असं सांगून ठेवा. मी असं केलं तेव्हा कारागिराला राग येईल अशी भीती होती. त्याने उलट कापलेली पाठ टेबलावर ठेवून, ती कातडीच्या कुठल्या भागातून काढली ते बोटाने दाखवलं. खडूचे दोन गोल पॅटर्नच्या कडेपासून जेमतेम अर्ध्या इंचावर होते.

आणलेलं जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आतली वाफ कोंडून बुरशी धरते. खोबरेल तेल लावायची आपल्याकडे सवय आहे, ते लावू नका. डाग पडतात आणि धूळ चिकटते. भिजलं तर हिटर किंवा इस्त्रीजवळ न नेता पंख्याखाली सावलीत सुकू द्या. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बाहेर काढा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, खिसे बाहेर ओढून तासभर हवा खाऊ द्या आणि कॉलरच्या खाली पांढरे ठिपके आलेत का ते बघून मगच परत टांगा.